कोणत्या कुलपाला कोणती किल्ली?



आंब्याचा हंगाम म्हटला की आढी, पेंढा, खोके आणि वाशीचा दर हे आपले नेहमीचे विषय. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे 'ई-मेल उघडत नाही!' पुण्याच्या गिऱ्हाइकाने पन्नास पेट्यांची मागणी ई-मेलने कळवलेली असते, निर्यातदाराने बागेच्या नोंदणीचे कागद ई-मेलवर मागितलेले असतात, पंचायत समितीचे पत्र ई-मेलवर येऊन पडलेले असते. पण पेटीच उघडत नाही. कोणी म्हणतो, 'पासवर्ड विसरलो.' कोणी म्हणतो, 'अहो, बरोबर टाकतोय, तरी चूक म्हणतंय.' नीट चौकशी केली तर पुष्कळदा असे आढळते की पासवर्ड विसरलेला नसतोच. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लावून आपण खटपट करीत बसलेलो असतो.

घरात पुढच्या दाराची किल्ली वेगळी, कपाटाची वेगळी, पंपाच्या खोलीची वेगळी. पंपाच्या खोलीची किल्ली कोणी कपाटाला लावत नाही. मोबाईल आणि संगणकाच्या बाबतीत मात्र सगळ्याच किल्ल्यांना आपण 'पासवर्ड' म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. म्हणून आज हा विषय जरा मुळापासून पाहू.

पासवर्डची कल्पना तशी जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक पुष्कळ जण मिळून वापरीत. एकाचे काम दुसऱ्याने चाळू नये म्हणून फर्नांडो कॉर्बेटो यांच्या गटाने प्रत्येकाला गुप्त शब्द दिला. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. पुढल्या वर्षी, ४ जुलै १९९६ ला, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले आणि कोठल्याही संगणकावरून उघडणारी फुकटची टपालपेटी लोकांना मिळाली. जीमेल आले १ एप्रिल २००४ ला.

'कोठल्याही संगणकावरून उघडणारी' हे शब्द लक्षात ठेवा. तुमची टपालपेटी तुमच्या घरात नाही. ती दूर कुठेतरी कंपनीच्या संगणकात आहे. लांज्यात बसून ती उघडते, तशी परमुलखात बसूनही उघडते. तुमच्या आणि त्या परक्या माणसाच्या मध्ये ना भिंत, ना गडगा. आहे ती फक्त एक किल्ली.

नवे खाते काढताना

ई-मेलचे नवे खाते काढताना तुम्हाला एकच पासवर्ड तयार करावयाचा असतो. तो कोणी देत नाही, कोणाकडून मागून आणावयाचा नसतो. नाव, जन्मतारीख भरून झाली आणि पत्ता ठरला की 'पासवर्ड तयार करा' असे येते. तिथे बँकेचा पिन टाकायचा नाही, आधारचा क्रमांक टाकायचा नाही, मोबाईलचे लॉक उघडायचे आकडेही टाकायचे नाहीत. नवा शब्द योजायचा. जीमेलला तो निदान आठ अक्षरांचा लागतो. खाली पुन्हा एकदा तोच विचारतात. ती फक्त खात्री असते, दुसरा वेगळा पासवर्ड नव्हे. इंग्रजी मोठे अक्षर आणि छोटे अक्षर ही यंत्राच्या लेखी दोन निराळी अक्षरे आहेत, हेही ध्यानात ठेवा. 'बरोबर टाकतोय' म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचे घोडे इथेच अडते.

मग मोबाईल नंबर विचारतात आणि त्यावर काही आकडे येतात. तो ओटीपी. ओटीपी हा पासवर्ड नव्हे. नंबर तुमच्याच हातात आहे ना, याची ती एकवेळची खूण असते आणि काही मिनिटांत ती निकामी होते. काही मंडळी हा ओटीपीच वहीत 'ई-मेलचा पासवर्ड' म्हणून लिहून ठेवतात आणि महिन्याने तोच टाकत बसतात. तो चालणार कसा?

कधी कधी खाते मोबाईलमध्ये भरताना मध्येच 'स्क्रीन लॉक' विचारले जाते. ती तुमच्या हातातल्या फोनची किल्ली, ई-मेलची नव्हे. सेवा केंद्रात वायफायचा पासवर्ड विचारला गेला, तर ती केंद्रातल्या जोडणीची किल्ली. आणि ई-मेलचे खाते काढताना कोणी एटीएमचा किंवा यूपीआयचा पिन विचारला, तर तिथून सरळ उठावे. ई-मेलच्या खात्याला त्याची कधीही गरज नसते. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवावे.

पत्ता ई-मेलचा, पासवर्ड मात्र त्या दाराचा

आता सर्वांत मोठा घोटाळा. एखाद्या संकेतस्थळावर नोंदणी करताना 'ई-मेल' अशी एक चौकट येते आणि तिच्याखाली 'पासवर्ड' अशी दुसरी. साहजिकच आपल्याला वाटते, वर ई-मेलचा पत्ता लिहिला, तर खाली ई-मेलचाच पासवर्ड हवा असणार. तसे नाही! वरचा पत्ता फक्त तुमची ओळख म्हणून आहे. खालचा पासवर्ड त्या संकेतस्थळाचा, नवा आणि निराळा.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये भरून काढता, त्या ठिकाणी लॉगिनचा पासवर्ड त्या संकेतस्थळाचा असतो. तिथे ओटीपी घेऊनही आत जाता येते. पीएम किसानच्या हप्त्याची स्थिती पाहायला नोंदणी क्रमांक आणि ओटीपी लागतो, पासवर्ड लागतच नाही. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये चार आकडी सांकेतांक असतो, तो त्या ॲपपुरताच. ग्रामपंचायतीचे पैसे ई-ग्रामस्वराजवरून देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक) यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात आणि त्या स्वाक्षरीच्या डोंगलला स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो. यांतले एकही कुलूप ई-मेलच्या किल्लीने उघडत नाही.

मग ई-मेलचाच पासवर्ड सगळीकडे ठेवला तर लक्षात ठेवणे सोपे नाही का जाणार, असा प्रश्न येईल. सोपे जाईल, तुम्हाला आणि चोरालाही. २०१३ मध्ये याहू या कंपनीच्या संगणकांत चोरी झाली. पुढे २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितले की झाडून सारी, म्हणजे सुमारे तीनशे कोटी खाती तिच्या कचाट्यात सापडली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आंब्याची जाहिरात लावणाऱ्या एखाद्या लहान संकेतस्थळाचा काय भरवसा? तिथून तुमचा पत्ता आणि पासवर्ड चोराच्या हाती लागला, की तो पहिल्यांदा तीच जोडी तुमच्या ई-मेलला लावून बघतो.

आणि ई-मेल उघडले की बाकी सारे उघडले. कारण 'पासवर्ड विसरलात?' असे बटण दाबले की पुष्कळ ठिकाणी नवा पासवर्ड ठरवण्याचे पत्र ई-मेलवरच येते. म्हणजे ई-मेलची पेटी ही सगळ्या किल्ल्या ठेवलेली फडताळातली पेटी आहे. तिची किल्ली दुसऱ्याकडे गेली म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखेच. म्हणून दुसरे काही जमो न जमो, ई-मेलचा पासवर्ड बाकीच्या सर्वांहून वेगळा ठेवाच.

बागायतदाराला तर यात रोकडा धोका आहे. पेटीत शिरलेला चोर गडबड करीत नाही, गुपचूप पत्रे वाचीत बसतो. माल गेला, बिल पाठवायची वेळ आली, की तुमच्याच पत्त्यावरून गिऱ्हाइकाला कळवतो, 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे.' गिऱ्हाईक भाबडेपणाने पैसे तिकडे भरते. आंबा गेला आणि पैसाही गेला! असे काही घडले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. लाजेने चार दिवस गप्प राहिलात, तर पैसे हात बदलत दूर निघून जातात.

कार्यालयातल्या संगणकाची तऱ्हा

सोसायटी, ग्रामपंचायत, बागायतदारांची संस्था अशा ठिकाणी संगणकावर आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा कार्यक्रम असतो आणि त्यात जीमेलचे खाते जोडलेले असते. पासवर्ड अचूक टाकूनही तिथे 'चूक' येते आणि सगळे चक्रावून जातात. कारण असे की गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही जुनी पद्धत बंद केली. नुसता खात्याचा पासवर्ड देऊन बाहेरच्या कार्यक्रमाला आत घेणे थांबले.

त्याला दोन वाटा आहेत. नव्या आवृत्तीचा कार्यक्रम असेल तर तो तुम्हाला गुगलच्याच पानावर नेतो. तिथे नेहमीचा पासवर्ड टाकून परवानगी द्यायची. कार्यक्रम जुना असेल किंवा कागद स्कॅन करून ई-मेल करणारे यंत्र असेल, तर 'ॲप पासवर्ड' काढावा लागतो. हा सोळा अक्षरांचा असतो आणि गुगलच तयार करून देते. तो मिळण्यासाठी आधी खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली असावी लागते. ही सोळा अक्षरे फक्त त्या एका यंत्रासाठी. ती पाठ करायची नाहीत, सगळीकडे वापरायची नाहीत. खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात की हे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. मग 'काल चालत होतं, आज बंद पडलं' म्हणून मेकॅनिकला बोलावू नका, नवा ॲप पासवर्ड काढा.

याच ठिकाणी येणाऱ्या टपालाचा सर्व्हर आणि जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर असे दोन रकाने दिसतात. जीमेलला दोन्हीकडे एकच पत्ता आणि एकच पासवर्ड चालतो. पत्रे येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर बहुधा जाणाऱ्या टपालाच्या रकान्यात तो भरायचा राहिलेला असतो.

किल्ली कोणाच्या खिशात?

इथवर झाले ते तंत्र. पण आमच्या मते खरा प्रश्न तंत्राचा नाही, ताब्याचा आहे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' योजना निघाली. सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा तो प्रयत्न होता. गावच्या केंद्रावर संगणक, संगणकावर चालक आणि शेतकरी त्याच्यासमोर उभा. पुढे तिथेच मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर एसएमएसने उसाची माहिती दिली. समोर उभा राहणारा शेतकरी आपल्या खिशातूनच माहिती काढू लागला. आज आपल्या जिल्ह्यात, मंडणगडपासून राजापूरपर्यंत, खिशात मोबाईल आला आहे. पण किल्ली अजून पुष्कळांच्या बाबतीत समोरच्या माणसाकडेच आहे!

कसे ते पाहा. सेवा केंद्रावर अर्ज भरायला गेलात, अर्जाला ई-मेल हवे होते, तिथल्या मुलाने दोन मिनिटांत काढून दिले. पासवर्ड त्यानेच योजला, मोबाईल नंबर घाईत स्वतःचा टाकला. त्याच्या मनात काळेबेरे नसेलही. गर्दीच्या वेळी त्याला पन्नास जणांचे उरकायचे असते. पण उद्या तो मुलगा नोकरीला मुंबईत गेला, की तुमची पेटी त्याच्याबरोबर गेली.

दुसरी तऱ्हा घरची. मुलगा चाकरमानी, नालासोपाऱ्याला असतो. गणपतीला आला तेव्हा वडिलांचे खाते काढून दिले, नंबर आपला टाकला. आता वडील इकडे केंद्रावर उभे आणि ओटीपी जातो तिकडे, लोकलच्या गर्दीत त्याच्या खिशात. त्याने फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. तेव्हा बाबांनो, वडिलांच्या खात्याला वडिलांचाच नंबर द्या. स्वतःचा द्यायचाच असेल तर दुसरा, राखीव पत्ता म्हणून स्वतःचा ई-मेल द्या. आणि सिमकार्ड बदलले, नंबर सोडला, तर खात्यातला नंबर आधी बदला. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो.

तिसरी तऱ्हा ग्रामपंचायतीची, आणि ती सर्वांत गंभीर. पंचायतीचा ई-मेल पत्ता कोणा एका संगणक चालकाने किंवा आधीच्या ग्रामसेवकाने आपल्या मोबाईलवर काढलेला असतो. बदली झाली. कपाटाच्या किल्ल्या, दप्तर, शिक्के यांची यादी करून पदभार दिला जातो, सह्या होतात. ई-मेलच्या पासवर्डचा मात्र त्या यादीत उल्लेख नसतो. नव्या माणसाला पेटी उघडत नाही, म्हणून तो नवा पत्ता काढतो. वरची कार्यालये जुन्या पत्त्यावर पत्रे धाडीत राहतात. मुदत टळते, आणि भोगावे लागते गावाला. दप्तर जसे गावाचे, तशी ही टपालपेटीही गावाची. ती कोणा व्यक्तीची नव्हे. पदभाराच्या यादीत तिचा उल्लेख हवा, राखीव नंबर पंचायतीचा हवा आणि माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्डही बदलायला हवा.

जपायचे कसे?

पासवर्ड लांब असावा आणि तुम्हालाच आठवेल असा असावा. गावाचे नाव आणि जन्मसाल, मुलाचे नाव आणि एकदोनतीन, असले पासवर्ड शेजारीही ओळखतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी लिपीत एकापुढे एक लिहा. समजा कुणी कोयती, मंगळवार, तपेली आणि वडाप असे शब्द जोडले. (हेच घेऊ नका, आता ते छापून झाले!) अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितले की दर दोन-तीन महिन्यांनी उगाच बदलत राहण्यापेक्षा लांब पासवर्ड बरा. बदलायचा तो कोणाला कळल्याची शंका आल्यावर, किंवा माणूस बदलल्यावर.

लिहून ठेवावा का? जरूर ठेवावा, पण घरात, कागदपत्रांच्या पेटीत. मोबाईलच्या पाठीवर चिकटवू नये, केंद्राच्या वहीत ठेवू नये, व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आणि एकाच जागी ठेवू नये. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरले तेव्हा घराघरांत आणि दुकानांत कागद, संगणक, फोन सगळेच चिखलात गेले. ज्याची एक प्रत दुसरीकडे, विश्वासाच्या माणसाकडे पाकिटात बंद असते, तो अशा वेळी लवकर उभा राहतो. दुहेरी पडताळणी लावलीत तर गुगल दहा राखीव आकडे देते, प्रत्येक एकदाच चालणारा. फोन हरवला तर तेच उपयोगी पडतात. तेही त्या पाकिटात घाला. बोट लावून उघडणारी नवी सोय, 'पासकी', तीही चांगली. फक्त त्या फोनचे लॉक घरातल्या किती जणांना उघडता येते, हे आधी पाहा.

आणखी एक. खाते काढून नुसते ठेवू नका. दोन वर्षे न उघडलेले वैयक्तिक खाते गुगल पुसून टाकू शकते, ही कारवाई डिसेंबर २०२३ पासून सुरू झाली आहे. अर्जापुरते काढलेले आणि विसरलेले खाते असेल तर आजच उघडून पाहा.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, 'हे आमच्या वयाला कुठले जमायचे!' आंब्याच्या मोहोरावर कोणती फवारणी कधी, कोणत्या औषधात काय मिसळायचे नाही, हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला चार किल्ल्या ओळखणे अवघड नाही. पडद्यावर 'पासवर्ड' असा शब्द दिसला की टाकायची घाई करू नका. आधी विचारा, हे कुलूप कोणाचे? फोनचे, ई-मेलचे, त्या संकेतस्थळाचे की बँकेचे? उत्तर मिळाले की किल्ली आपोआप हाताला लागते.

या आठवड्यात तीन कामे करा. आपल्या ई-मेलला कोणाचा मोबाईल नंबर जोडलेला आहे, ते पाहा. ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्याने योजलेला असेल, तर स्वतः बसून बदला, कोणी खांद्यावरून डोकावत नसताना. आणि येत्या ग्रामसभेत सरपंचांना विचारा, 'आपल्या पंचायतीच्या ई-मेलची किल्ली कोणाकडे आहे, आणि पदभाराच्या यादीत तिची नोंद आहे का?' प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्याचे मात्र पडतात.